रॅपलिंग: रोपवर वजन टाकण्याआधी

रॅपलिंग, म्हणजे रोपच्या आधाराने कड्यावरून खाली उतरणं, शिकायला आलेली मंडळी पहिल्याच दिवशी विचारतात, पाय कसे ठेवायचे, हात कुठे धरायचे, खाली बघितलं तर चालेल का. या प्रश्नांची उत्तरं मी सगळ्यात शेवटी देते. उतरण्याचं कसब अर्ध्या दिवसात अंगात भिनतं. जीव ज्यावर अवलंबून असतो ते काम मात्र कड्याच्या माथ्यावर, दोन्ही पाय जमिनीवर असताना उरकलेलं असतं. चढाईत हात निसटला तरी रोप असतो, बिले देणारा, म्हणजे रोप धरून आपल्याला सांभाळणारा, असतो. रॅपलिंगमध्ये आपण स्वतःहून आपलं सगळं वजन एका अँकरवर (रोप ज्याला अडकवतो तो आधार), एका डिसेंडरवर (रोप ज्यातून सरकतो ते ब्रेकचं उपकरण) आणि एका कॅराबिनरवर (उघडझाप होणारी धातूची कडी) सोपवतो. यातलं एक जरी चुकलं तरी सावरायला मध्ये दुसरं काही नसतं.

म्हणून मी ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने लिहिते आहे. हे वाचून कोणी थेट कड्यावर जाऊ नये. आधी सपाट जमिनीवर, मग माणसाच्या उंचीच्या दगडावर, आणि मग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली कड्यावर, असंच करावं.

अँकर

अँकर बघताना मी स्वतःला एकच विचारते: हा एक बिंदू आत्ता निघाला, तर मला दुसरं कोण धरणार? याचं उत्तर सापडत नसेल तर मी तिथून उतरत नाही. कातळात ठोकलेले दोन चांगले बोल्ट असतील तर दोन्ही वापरायचे. हाताने हलवून बघायचं, बोल्टच्या भोवतीच्या कातळाला बारीक चीर गेली आहे का बघायचं, नट सैल आहे का, गंजाचे ओघळ आहेत का बघायचं. वरचा गंज पुसून आतलं लोखंड कळत नाही, म्हणून गंजलेल्या बोल्टवर एकट्यावर मी कधीच विसंबत नाही. झाड असेल तर जिवंत हवं, चांगलं जाडजूड हवं आणि मुळं कातळाच्या फटीत खोल गेलेली हवीत. मातीच्या पातळ थरावर उभं असलेलं झाड कितीही हिरवंगार असलं तरी उपयोगाचं नाही. स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टीचा बंद फास, बुंध्याशी, जमिनीलगत टाकायची. जितकी वर टाकाल तितकं ते झाड तरफेसारखं उपटलं जाईल.

दोन बोल्टांना स्लिंगने जोडताना तिच्या दोन फाट्यांमधला कोन लहान ठेवा. 60 अंशांच्या कोनात प्रत्येक बोल्टवर तुमच्या वजनाच्या सुमारे 58 टक्के भार येतो. कोन 120 अंशांवर गेला की प्रत्येक बोल्टवर पूर्ण वजन येतं, म्हणजे दोन बोल्ट वापरून मिळवलं काहीच नाही. कोन मोठा दिसला तर लांब स्लिंग घ्या. दोन्ही फाटे एकत्र करून त्यांना गाठ मारली की एक बोल्ट निघाला तरी दुसऱ्याला झटका बसत नाही.

रोज दिसणारी आणि तरी दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे आधीच्या कोणीतरी सोडून गेलेली स्लिंग. उन्हाने नायलॉन आतून कमजोर होतं. रंग उडालेला असेल, हाताला कडक लागत असेल, कडेचे धागे पिंजारले असतील, तर तिच्यावर भरवसा नाही. माझ्या सॅकमध्ये कायम एक चाकू आणि काही मीटर नवीन टेप, म्हणजे स्लिंग बांधायची पट्टी, असतो. जुनी कापून काढायची, नवीन बांधायची. आणि रोप स्लिंगमधून थेट ओवायचा नाही. उतरताना रोप जागच्या जागी असतो म्हणून चालून जातं असं वाटतं, पण नंतर रोप ओढताना नायलॉनवर नायलॉन घासतं आणि त्या उष्णतेने स्लिंग करपते. पुढच्या माणसाला ते करपणं दिसेलच असं नाही. स्लिंगमध्ये एक पोलादी कडी अडकवा आणि रोप त्या कडीतून घ्या. कडी तिथेच राहील, ती गेली असं धरूनच निघा.

रोप

चढाईचा 60 मीटरचा रोप मधोमध कडीतून ओवला की 30 मीटर उतरता येतं. हे गणित सगळ्यांना येतं. अपघात होतात ते मध्य नेमका मध्यावर नसल्यामुळे, किंवा रोपचं टोक कापून तो आखूड झाल्यामुळे, आणि मधली खूण तशीच राहिल्यामुळे. एक बाजू खाली टेकलेली, दुसरी चार मीटर वर लोंबकळते आहे, आणि उतरणाऱ्याला ते दिसत नाही. आखूड बाजू डिसेंडरमधून सुटली की रोप कडीतून सरकत जातो आणि माणूस पडतो. खूण नसेल किंवा खुणेवर शंका असेल तर दोन्ही टोकं एकत्र धरून दोन्ही पदर हातातून मधापर्यंत न्या. वेळ लागतो. लागू द्या.

दोन्ही टोकांना गाठ मारा. वेगवेगळी, दोन्हींना स्वतंत्र. टोकाभोवती तीन वेढे घेऊन केलेली बॅरल गाठ, शेपूट निदान वीतभर. दोन टोकं एकत्र बांधली तर रोपचा पीळ निघायला वाव राहत नाही आणि खाली गुंता होतो. ही गाठ तुम्हाला रोप संपल्यावर थांबवते. कड्याखालची जमीन लख्ख दिसत असली तरी मी ती मारायला लावते, कारण सवय ही दिसणाऱ्या कड्यांवरच लागते. ओढायच्या आधी ती सोडायची, ते पुढे येईलच.

लांब टप्प्यासाठी दोन रोप जोडायचे असतील तर साधी ओव्हरहँड गाठ, दोन्ही टोकं एका दिशेला ठेवून मारलेली. शेपटं किमान 30 सेंटिमीटर, आणि चारही पदर एकेक करून ओढून घट्ट केलेले. ही गाठ एका बाजूला सपाट बसते, म्हणून ओढताना कातळाच्या कडेवर कमी अडकते. याच पद्धतीने फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, मारू नका. ती दिसते भारदस्त, पण अशा प्रकारे भार आल्यावर ती कमी ताणातही उलटत टोकाकडे सरकते. जोडलेल्या रोपमध्ये गाठ कडीच्या ज्या बाजूला आहे तीच बाजू ओढायची असते. उतरण्याआधी सगळ्यांनी ते मोठ्याने म्हणायचं: "निळा ओढायचा, निळा." खाली पोचेपर्यंत माणूस थकलेला असतो, त्यामुळे रंग तोंडाने म्हटलेला बरा.

खाली टाकण्याआधी ओरडायचं, "रोप!", आणि क्षणभर थांबून खालून काही आवाज येतो का ऐकायचं. वारा जोराचा असेल, किंवा खाली झुडपं असतील, तर रोप फेकूच नका. घड्या घालून स्लिंगमध्ये अडकवा, हार्नेसच्या (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या) दोन बाजूंना टांगा आणि उतरता उतरता सोडत जा. झुडपातून रोप सोडवण्यात जितका वेळ आणि जितके दगड जातात, त्यापेक्षा हे परवडतं. कडा जिथे धारदार आहे तिथे रोपखाली सॅक किंवा जाड कापड घाला. ताणलेला नायलॉन धारेवर आडवा घासला तर फार लवकर कापला जातो. चढाईचा डायनॅमिक रोप वजनाखाली चांगलाच ताणला जातो, त्यामुळे तो वरखाली होत एकाच जागी घासत राहतो. फक्त उतरण्यासाठी स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा, रोप असेल तर तो उत्तम.

स्वतःला जोडणं

एकेकाळी उतरणाऱ्याचं शरीरच ब्रेक होतं. हान्स ड्युल्फर या जर्मन गिर्यारोहकाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तशीच होती: रोप दोन पायांमधून, मांडीला वळसा घालून, छातीवरून तिरका, खांद्यावरून पाठीमागे. घर्षण मांडी, छाती आणि खांदा झेलत. त्याच्याही आधी, फ्रान्समधल्या शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले-स्त्रातों याने 1876 मध्ये पेती द्र्यू या सुळक्यावरच्या प्रयत्नात दुहेरी रोपने उतरून तो ओढून घेण्याचा मार्ग शोधला. 1879 मध्ये तो त्या शिखरावर पोचला. आज आपल्याकडे डिसेंडर आहे, पण तत्त्व तेच आहे. वजन हाताने पेलायचं नसतं, घर्षणाने पेलायचं असतं. हात फक्त घर्षण कमी-जास्त करतो.

मी ट्यूब प्रकारचा, दोन खाचांचा डिसेंडर वापरते. इंग्रजी आठच्या आकाराचा फिगर ऑफ एट डिसेंडर मजबूत आहे आणि ओवायला सोपा, पण तो रोपला पीळ घालतो आणि लांब टप्प्यावर खालचा रोप गुरफटून जातो.

माझी मांडणी अशी असते. 120 सेंटिमीटरची शिवलेली स्लिंग घ्यायची, हार्नेसच्या ज्या दोन जागांमधून आपण चढाईचा रोप बांधतो त्यातून ती ओवून फास घ्यायचा. साधारण मध्यावर एक ओव्हरहँड गाठ मारायची. हार्नेस आणि गाठ यांच्यामध्ये जो बंद फास तयार होतो त्यात डिसेंडरचा स्क्रूगेट (गेट स्क्रूने बंद होणारा) कॅराबिनर. स्लिंगच्या मोकळ्या टोकाला दुसरा स्क्रूगेट, ही तुमची सेफ्टी, जी अँकरला लागते. सेफ्टी कायम ताणलेली ठेवा, सैल सोडून अँकरच्या वर चढू नका, कारण अशी स्लिंग झटक्याने जवळजवळ लांबत नाही आणि छोट्या पडण्याचाही झटका मोठा बसतो.

डिसेंडर असा हार्नेसपासून वीतभर लांब गेला की दोन फायदे होतात. तो डोळ्यांसमोर येतो, शर्टाच्या पोटाशी दडत नाही. आणि त्याच्या खाली तिसऱ्या हाताला जागा मिळते.

हा तिसरा हात म्हणजे 6 मिलिमीटरच्या दोरीची बंद कडी. ती डिसेंडरच्या खाली दोन्ही पदरांभोवती चार वेळा गुंडाळायची आणि तिची दोन्ही टोकं बिले लूपमधल्या (हार्नेसच्या पुढच्या शिवलेल्या फासातल्या) स्क्रूगेटमध्ये अडकवायची. ही ऑटोब्लॉक. वेढे एकावर एक चढू द्यायचे नाहीत, शेजारी शेजारी बसवायचे, आणि दोरी जोडणारी गाठ वेढ्यांमध्ये येऊ द्यायची नाही. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये प्रसिद्ध केलेली प्रुसिकची गाठ याच कुळातली आहे. ती अधिक घट्ट चावते, म्हणून वर चढायला छान, पण उतरताना ती वारंवार अडकते. ऑटोब्लॉक हाताखाली सरकत राहते आणि हात सुटला की पकडते. मुठीने ती खाली ढकलत यायचं. दगड लागून, चक्कर येऊन, मधमाश्या उठून हात सुटला तर तुम्ही जागच्या जागी थांबता.

तिची लांबी तपासायला विसरू नका. वेढे हाताने वर ढकलून बघा. ते डिसेंडरला टेकले तर ऑटोब्लॉक पकडणारच नाही. दोरी आखूड करा. दोरी नवी आणि कडक असेल किंवा रोप ओला, बारीक असेल तर एक वेढा वाढवा.

माझी तपासणी

आता त्या क्षणाकडे, ज्यासाठी मी एवढं लिहिलं. सेफ्टी अजून अँकरलाच आहे. डिसेंडरमध्ये रोप आहे, ऑटोब्लॉक लागली आहे. सैल रोप डिसेंडरमधून वर ओढून घ्या आणि कड्याच्या कडेवर हळूहळू बसत जा, इतकं की सेफ्टी सैल पडेल आणि सगळं वजन रोपवर येईल. दोन्ही हात सावकाश सोडा. ऑटोब्लॉकने धरलं पाहिजे. या स्थितीत थांबून वरून खाली बघत या: बोल्ट, स्लिंग, कडी, कडीतला रोप, डिसेंडर, कॅराबिनर, ऑटोब्लॉक, हार्नेसचं बकल. कॅराबिनरचा स्क्रू डोळ्यांनी बघू नका, चिमटीत धरून दाबून बघा. बंद गेटचा कॅराबिनर लांबीच्या दिशेने किमान 20 किलोन्यूटन भार घेतो, आडवा झाला किंवा गेट उघडं राहिलं तर ती क्षमता 7 च्या आसपास येते. वेणी, ओढणी, सैल शर्ट, हेल्मेटचा लोंबता पट्टा, सगळं डिसेंडरपासून लांब खोचलेलं हवं. त्यात अडकलेले केस सोडवायला वजन काढावं लागतं आणि कड्यावर लटकताना ते सोपं नसतं.

एका मुलाचं उदाहरण मी प्रत्येक तुकडीला सांगते. हुशार, गाठींमध्ये सगळ्यात पुढे. त्याने डिसेंडरच्या दोन्ही खाचांमधून दोन्ही पदर नीट ओवले होते. कॅराबिनर लावताना मात्र एकच पदर त्यात आला, दुसरा खाचेत नुसता टेकून होता. वरून बघितलं तर दोन पदर आत जातात आणि दोन बाहेर येतात, सगळं बरोबर. तो बसायला लागला, रोपवर वजन आलं, आणि माझं लक्ष कडीकडे होतं म्हणून मला दिसलं: रोप कडीतून एका बाजूला सरकत होता. बोटभर, मग दोन बोटं. मग सेफ्टी ताणली गेली आणि तो थांबला. त्याला कळलंही नव्हतं. त्याला उभं केलं, दुसरा पदर ओढून दाखवला, सगळं सोडून पुन्हा लावायला लावलं. सेफ्टी काढून तो मागे झुकला असता तर दुसऱ्या बाजूला धरणारं काही नव्हतं.

सेफ्टी काढायची ती ही पूर्ण तपासणी झाल्यावर, आणि शेजारच्या माणसाने तीच तपासणी स्वतःच्या हाताने केल्यावर. "बघितलं ना?" "हो, बघितलं" एवढ्यावर मी कोणालाही सोडत नाही. हात लावला पाहिजे.

पहिला कोण उतरणार? अनुभवी माणूस, कारण पुढचा अँकर त्याला शोधायचा असतो आणि रोपचा गुंता त्यालाच सोडवायचा असतो. अँकरबद्दल जराही शंका असेल तर मागे एक जादा अँकर सैल जोडून ठेवा, म्हणजे मुख्य अँकरवर भार येतो पण तो निघाला तर दुसरा धरतो. अशा वेळी सगळ्यात वजनदार माणूस आधी जातो, आणि मुख्य अँकरने सगळ्यांना धरलं की सगळ्यात हलका माणूस जादा अँकर काढून शेवटी येतो.

उतरणं

पाय खांद्याइतके फाकवा, तळवे कातळावर सपाट, गुडघे किंचित सैल. पार्श्वभाग मागे टाकून बसा. नवखे लोक घाबरून कातळाला बिलगतात, त्यामुळे पायांवर भार राहत नाही आणि ते घसरतात. सगळ्यात अवघड पहिली दोन पावलं असतात, कडेवरून वळताना. तिथे पाय कडेवरच ठेवून अंग आधी मागे-खाली न्यायचं आणि पाय नंतर. ब्रेकचा हात डिसेंडरच्या खाली, कमरेशी, आणि तो कधीही सुटत नाही. दुसरा हात ऑटोब्लॉकवर. खाली बघा, खुशाल बघा, त्याशिवाय मार्ग कसा कळणार?

उड्या मारू नका. उडीनंतर थांबताना अँकरवर तुमच्या वजनापेक्षा बराच जास्त भार येतो, रोप धारेवर घासतो आणि दगड सुटतात. वेगाने उतरलं की डिसेंडर तापतो. खाली पोचल्यावर तो उघड्या बोटाने धरू नका आणि रोपवर तसाच ठेवू नका. सावकाश, एकसारखं चालत यायचं. दगड सुटला तर कोणाचा, केवढा याचा विचार न करता "दगड!" ओरडायचं. खालच्यांनी वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर, खाली उभ्या असलेल्यांच्याही.

नवख्याला उतरवताना खाली एक माणूस दोन्ही पदर हातात सैल धरून उभा करा, रोपच्या रेषेपासून जरा बाजूला. वरच्याचा हात सुटला तर त्याने रोप ताणायचा; डिसेंडरमधलं घर्षण वाढून उतरणारा थांबतो.

मध्ये थांबायची वेळ आलीच, तर ऑटोब्लॉकवर बसा आणि खालचा रोप मांडीभोवती तीन वेळा गुंडाळा. मग हात मोकळे. पण काम झालं की निघा. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिल्याने पायांत रक्त साचतं आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून पाय हलवत राहा, कातळावर टेकवा.

खाली पोचलात की आधी स्वतःला सुरक्षित करा. टप्पा मधला असेल तर पुढच्या अँकरला सेफ्टी, मगच डिसेंडर काढायचा. मग वरच्याला ऐकू जाईल असं "रोप मोकळा!" वारा असेल तर आवाज पोचत नाही, म्हणून खुणा आधीच ठरवा, आम्ही रोपला सलग तीन झटके देतो.

रोप ओढणं

शेवटचा माणूस निघण्याआधी खालच्याने ओढायची बाजू थोडी ओढून बघायची. हलली तर ठीक. नाही हलली तर वर अजून माणूस आहे, तो गाठ कडेच्या पुढे सरकवेल, कडीतला पीळ काढेल. शेवटच्या माणसाने उतरताना दोन पदर एकमेकांवर चढू देऊ नयेत, मध्ये बोट घालून वेगळे ठेवत यावं.

दोन्ही टोकांच्या गाठी सोडा. बघून सोडा, दोन्ही. टोकात राहिलेली एक गाठ वर कडीपर्यंत जाऊन अडकली की रोप तिथेच राहतो. पहिल्यांदा ओढण्याआधी पुढचा टप्पा आहे का, अँकर आहे का, असला तर चांगला आहे का याची खात्री करा, कारण रोप कडीतून निघाला की वर परत जायचा मार्ग संपला. हळू, एका लयीत ओढा. टोक सुटायला आलं की ओरडा, बाजूला व्हा, वर तोंड करू नका. रोपसोबत दगडही येतात.

अडकलाच तर आधी कातळापासून लांब जाऊन, मग डावीकडून, उजवीकडून ओढून बघा. लाट सोडा. दोन्ही टोकं अजून हाताशी असतील तर दोन्ही पदरांवर प्रुसिक लावून वर जाता येतं, कारण तेव्हा रोप कडीतून जातो आहे हे माहीत असतं. एकच टोक हातात असेल आणि दुसरं वर कुठेतरी गेलं असेल, तर तो रोप कशाला अडकला आहे ते कोणालाच माहीत नाही. एखाद्या सैल दगडाच्या फटीत असेल, झुडपाच्या फांदीत असेल. त्याच्या भरवशावर चढू नका. हाताशी आलेला भाग उतरायला पुरत असेल तर कापून घ्या आणि बाकीचा सोडून द्या. पुरत नसेल तर स्वतःला अँकरला बांधून ठेवा, अंगावर गरम काहीतरी चढवा आणि मदतीला हाक मारा.